दुपारची पाहुणी

१२ जानेवारी

प्रिय काजव्या,

तुझं पत्र आलं आणि सवयीप्रमाणे आधी शेवट वाचला. शाळेतला आपला नेम म्हातारपणी पुन्हा सुरू केला ते किती बरं झालं! एकानं खालची ओळ द्यायची, दुसऱ्यानं वरची बांधायची. मी दिली होती, ‘घरी पोचलो आणि दारात छाया’. तू वर बसवलंस, ‘जुने शब्द आले, तीच माया’. अरे गृहस्था, दोन अक्षरं कुठं सांडलीस? ‘जुने शब्द आले, जुनी तीच माया’ म्हण, मांडीवर ताल धरून म्हण, म्हणजे कळेल. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल. तुझा साप शेपूट घरी विसरून निघालाय.

जन्मभर चष्म्याच्या काचा घासल्यास. केसाएवढा ओरखडा तुझ्या नजरेतून सुटत नसे. की आता तूही त्या नव्या लोकांसारखं मोकळं-ढाकळं लिहायचं ठरवलंस? तसं असेल तर सांग, मी दुसरा भिडू बघतो.

आपला वर्ग आठवतो का रे? मास्तर खिडकीशी उभे, पाठ आपल्याकडे, आणि सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय. अर्थ कुणाला कळत होता! पण त्या सुरात बसलं की वाटायचं, आता आपलं काही वाईट होणार नाही. तू डोळे मिचकावत म्हणायचास, म्हणून काजव्या. मी सगळ्यांच्या आधी म्हणायचो, म्हणून पोपट. बाकीच्यांची नावं मी विसरलो, त्यांचे सूर नाही विसरलो.

वहिनी जाऊन सहा-सात महिने होत आले. तुझा मुलगा बोटीवर, सूनबाई दिवसभर कारखान्यात. तुझी दुपार कशी जाते? झोप लागते का? माझे कान आता पुरते गेलेत, फोनवर नुसती खरखर होते. तेव्हा जे असेल ते सविस्तर लिही.

तुझा,
पोपट

२८ जानेवारी

पोपटा,

अक्षरं सांडली असतील. हल्ली बरंच काही सांडतं. परवा दूध तापत ठेवून मी कुठं गेलो ते मलाच ठाऊक नाही. सूनबाई म्हणाली, ‘बाबा, पातेलं काळं ठिक्कर पडलंय.’ मी म्हटलं, ‘तूच ठेवलं असशील.’ बिचारी पातेलं घासायला बसली.

तू विचारलंस म्हणून लिहितो. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आधी शपथ घे की हे सूनबाईच्या कानावर जाणार नाही. घेतलीस? मग ऐक.

ही येते.

दुपारी, जेवण झालं की. मागच्या खोलीत तिची पत्र्याची ट्रंक आहे ना, तिच्यावर बसते. पाय खाली पोचत नाहीत, ते हलवत बसते. पहिल्या दिवशी मी दारातच उभा राहिलो. भीती वाटली नाही. उलट असं वाटलं, की ही एवढे दिवस कुठं गेली होती, विचारावं. विचारलं नाही. विचारलं तर जाईल असं वाटलं.

आणि गंमत ऐक. ती कविता म्हणते. आपल्या, शाळेतल्या. हिला कुठं कविता येत होत्या? शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं हिनं. पण आपल्या वर्गाच्या त्याच सुरात म्हणते, अगदी मास्तर थांबायचे तिथं थांबून.

आता गोळ्यांचं सांगतो, म्हणजे तू उगाच तर्क करायला नकोस. हिच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. ही गेल्यावर काही उरल्या होत्या. रात्री डोळा लागेना म्हणून अर्धी घेतली. मग एक. आता दुपारीही घेतो. औषधाच्या दुकानातला मला ओळखतो, हिच्या नावाचा जुना कागद दाखवला की देतो. ‘आजीबाई कशा आहेत?’ विचारतो. मी म्हणतो, ‘आहेत.’ खोटं कुठं आहे त्यात?

सूनबाईला का नाही सांगायचं ते तुला मी सांगायला नको. माझ्या काकांना वेड्यांच्या इस्पितळात नेलं तेव्हा तू आमच्या अंगणात होतास. तेही एकटेच बोलायचे, आणि दारूही होतीच. दोघांनी दंडाला धरून गाडीत बसवलं. ‘महिन्याभरात बरे होऊन येतील’ म्हणाले. काकूनं त्यांचा अंगरखा धुऊन घडी घालून ठेवला होता. तो तसाच राहिला.

काकांसारखं माझं व्हायला नको.

काजव्या

६ फेब्रुवारी

प्रिय काजव्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. भाग्यवान आहेस, मित्रा. खरंच सांगतो, मला तुझा हेवा वाटला.

आमच्या घरातून माणसं गेली ती गेलीच. मी कितीदा संध्याकाळी दिवा न लावता बसून राहतो, म्हणजे अंधारात तरी कुणी यायला लाजणार नाही. कुणी येत नाही. आणि तुझ्याकडे भर दुपारी, उन्हात, पाय हलवत! ज्या बाईनं आयुष्यभर तुझे डबे भरले, तिला मेल्यावर कविता यायला लागल्या, याहून सुंदर गोष्ट मी ऐकलेली नाही. कवींनी जन्मभर ज्याची वाट पाहिली ते तुझ्या मागच्या खोलीत येऊन बसलंय. तिनं काय नेसलेलं असतं? कुठली कविता आधी म्हणते? सगळं लिही.

शपथ घेतली. पोपट असलो तरी पिंजरा बंद आहे.

गोळ्यांचं मात्र मला पटत नाही. वहिनी काय गोळीतून येतात? माया आहे म्हणून येतात. त्या गोळ्या उचल आणि मोरीत टाक. एका झटक्यात. आपल्या काळचा माणूस आहेस, मनात आणलंस तर काय अवघड आहे? मी तंबाखू अशीच सोडली. चार दिवस डोकं धरलं, पाचव्या दिवशी मोकळा.

सोबत नवी ओळ पाठवत नाही. तुझी पाहुणी आहे, तिलाच विचार.

तुझा,
पोपट

१९ फेब्रुवारी

पोपटा,

तुझं ऐकलं. सगळ्या मोरीत टाकल्या. वरून दोन बादल्या पाणी ओतलं. त्याला आता तीन दिवस झाले, की चार.

अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस. हात माझं ऐकत नाही. सकाळी भिंग उचलायला गेलो तर ते टेबलावर टकटक वाजायला लागलं. घाम येतो, अंगरखा पिळावा इतका. झोप अजिबात नाही. भिंतीला मुंग्या आहेत. सूनबाई म्हणते, मुंग्या नाहीत. मी तिच्यासमोर त्यांच्यावर हात फिरवला, तर हाताला भिंत लागली. पण मुंग्या आहेत.

तू म्हणालास, ती मायेनं येते. पोपटा, ती अजून येते. आता ट्रंकेवर बसत नाही. हल्ली तिचं तोंड नीट दिसत नाही. आधी दिसायचं. आता तिथं काही तरी पुसल्यासारखं आहे, काचेवर वाफ धरते ना, तसं. मी घासून पुसायला हात पुढं केला. तिनं मान वळवली.

आणि एकटी येत नाही. दाराआड दोघं असतात. दंडाला धरायला आलेत असं वाटतं.

(दुसऱ्या दिवशी लिहितो.) कविता बंद झाल्या. आता फक्त हाक मारते, गच्चीवरून. ‘कपडे वाळलेत, वर या. एकट्यानं या.’ सूनबाई घरी असली की हाक येत नाही. ती कारखान्यात गेली की येते. काल मी जिना चढलो. दारापर्यंत गेलो. दार उघडं होतं आणि ऊन इतकं मोठ्यानं वाजत होतं की मी कानावर हात ठेवून खाली बसलो. मग कधी तरी उतरलो असेन.

मला भीती वाटते. हिची भीती वाटावी, हे लिहायलाही लाज वाटते.

शपथ आठवते ना? सूनबाईला कळलं तर ती काय करेल? बिचारी दुसरं काय करू शकेल? गाडीच बोलावेल.

हे पत्र टाकायला बाहेर पडतोय, तेवढंच गच्चीपासून लांब.

काजव्या

२३ फेब्रुवारी

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

हे पत्र घरच्या पत्त्यावर न पाठवता तुझ्या कारखान्याच्या फाटकावर पाठवतो आहे, याचं कारण पुढं येईलच. मी तुझ्या सासऱ्यांचा शाळासोबती. तू मला दोन वर्षांमागं सदरा शिवून पाठवला होतास, पुडक्यावर कारखान्याचा पत्ता होता.

हे वाचत असशील तिथून उठ आणि घरी जा. बाकीचं रस्त्यात वाच. पर्यवेक्षक काही म्हणाला तर म्हणू दे.

पहिली गोष्ट, गच्चीचं दार. त्याला कुलूप लाव आणि किल्ली स्वतःजवळ ठेव. दुसरी, त्यांना एकटं ठेवू नकोस. ते तुझ्या सासूबाईंच्या नावावर झोपेच्या गोळ्या घेत होते, रोज, किती ते मला माहीत नाही. मी सांगितलं म्हणून त्यांनी त्या एकदम बंद केल्या. तेव्हापासून त्यांना नको ते दिसतंय आणि ऐकू येतंय. तुझ्या सासूबाई गच्चीवरून बोलावतात, असं त्यांना वाटतं. ते एकदा दारापर्यंत गेले आहेत.

आज सकाळी पत्र मिळाल्याबरोबर मी शेजारच्या बाईंना तुमच्या घरी फोन लावायला सांगितला. मला ऐकू येत नाही, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. फोन त्यांनी स्वतःच उचलला. बाईंनी माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, ‘ते म्हणतात, मजेत आहे. म्हणतात, गडबडीत आहे, वर कपडे काढायचेत.’

मी पुन्हा फोन लावायला सांगितला. कुणी उचलला नाही. कारखान्याचा नंबर मिळाला नाही. शेजारच्या बाईंचा भाऊ तुमच्याच बाजूला माल घेऊन चाललाय, त्याच्या हाती हे देतो आहे. तो रात्रभर गाडी चालवेल आणि सकाळी फाटकावर देईल. तोवर काय होईल, हे मी मनात आणत नाही. आणत नाही म्हणतो, आणि दुसरं काही येत नाही.

मी शपथ मोडली आहे. त्यांनी विचारलं तर सांग, पोपटानं मोडली.

तुझा काका

११ मार्च

ती. काकांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. बाबा जिवंत आहेत, हे आधी सांगते.

तुमचं पत्र मला फाटकावर मिळालं, पण ते चोवीस तारखेला, आणि जे व्हायचं ते तेवीसलाच झालं होतं. त्या दिवशी आमच्या खात्यात वीज गेली, म्हणून दुपारीच सोडलं. घरी आले तर जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर बाबा आडवे. हात-पाय झटकत होते, तोंडाला फेस, डोळे वर. मला वाटलं संपलं. खालच्या मजल्यावर रिक्षावाले दादा राहतात, ते जेवायला आले होते. त्यांनी बाबांना कुशीवर वळवलं आणि उचलून नेलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘काय घेत होते? कधी बंद केलं?’ मी म्हटलं, ‘काही नाही घेत, साधा चहा.’ ते माझ्यावर ओरडले. ‘खोटं सांगाल तर माणूस जाईल.’ मी खोटं सांगत नव्हते, काका. मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्या दादांच्या बायकोकडे चावी देऊन कारखान्यात रजा टाकायला गेले, तेव्हा फाटकावर तुमचं पत्र हातात पडलं. ते तसंच डॉक्टरांपुढे ठेवलं. ते म्हणाले, अशा गोळ्या इतके दिवस घेतल्यावर एकदम बंद करायच्या नसतात, त्यानं फीट येते, भलतंसलतं दिसतं, जीवही जातो. डॉक्टरांच्या हाताखाली हळूहळू उतरवायच्या असतात. मग त्यांनी परत गोळी सुरू केली, मोजून, आणि आम्हाला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

आता तुम्हाला राग आला तरी लिहिते. बाबांच्या अंगरख्याच्या खिशात तुमचं पत्र सापडलं. ‘भाग्यवान आहेस.’ काका, माणूस घरात जळत होता आणि तुम्ही म्हणालात, उजेड किती छान पडलाय. मी ते वाचून फाडायला घेतलं होतं. मग तुमचं दुसरं पत्र आठवलं आणि ठेवून दिलं.

माझंही चुकलं. पातेली जळत होती, ते दुपारी तीनला दात घासत होते, मला म्हणायचे ‘आज तुझ्या सासूनं केलेली भाजी दे.’ मी म्हटलं, वय झालंय. शेजारच्या म्हणाल्या, बायको गेलेला पुरुष असाच होतो. ह्यांना बोटीवर काय कळवायचं, म्हणून मी तेही केलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी तिकडून काय केलं असतं, काळजीशिवाय?

मनाच्या डॉक्टर बाई आहेत. त्यांची खोली दातांच्या आणि डोळ्यांच्या खोल्यांच्या मधे आहे. बाहेर सगळे एकाच बाकावर बसतात. बाबा आत जायला तयार नव्हते. खांबाला धरून उभे राहिले. म्हणाले, ‘गाडी कुठं उभी केलीय?’ डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या, त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘आजोबा, मी इथंच विचारते. आणि लगेच घरी सोडते.’ आणि खरंच सोडलं. म्हणाल्या, घरात सोबत असेल तर दाखल करायची गरज नाही, पण सोबत हवीच.

मी गच्चीची किल्ली गळ्यात घालून झोपते. जिना वाजला की उठते. मांजर असतं. एक महिन्याची बिनपगारी रजा मिळाली, ती निम्मी संपलीय.

बाबा तुमच्यावर फार चिडलेत. ‘पोपटानं चोच उघडली’ एवढंच बोलतात. तरी तुम्ही त्यांना लिहा. फक्त छाया-माया नको.

तुमची,
सूनबाई

१८ मार्च

काजव्या,

सूनबाईनं सगळं कळवलं. तिनं मला जे ऐकवलं ते मी ऐकून घेतलं. त्यासाठी कान लागत नाहीत.

तू चिडलायस ते ठीक. तू जिन्यात पडलास तेव्हा माझं पत्र अजून वाटेतच होतं. ते वेळेवर पोचलं असतं तर, असं मला म्हणायचं नाही. वीज गेली म्हणून तू वाचलास. हे मला मध्येच आठवतं, पाणी पिताना, चपला घालताना, आणि मी असेन तिथं बसतो. अशा वेळी पूर्वी मला एखादी ओळ सुचायची. आता नाही सुचत.

इकडचं काय सांगू? शेजारच्या बाई मला आता विचारतात, ‘तुमच्या मित्राचं काय?’ मी तुझं नाव घेऊन सांगतो, गोळ्यांचं, दिसण्याचं, सगळं. आधी जीभ अडखळली. मग त्या म्हणाल्या, त्यांच्या बहिणीला बाळंतपणानंतर असंच भलतं ऐकू यायचं, तीही उपचार घेऊन घरी आहे, दुकान चालवते. दहा वर्षं शेजारी राहतोय आम्ही. मला माहीत नव्हतं.

उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर देऊ नकोस. औषध मात्र चुकवू नकोस.

पोपट

२ मे

पोपटा,

तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या कुणाला लिहू? तू चोच उघडलीस आणि माझ्या घरात सगळ्यांना कळलं. मुलाचाही बोटीवरून फोन आला. मी तयारच होतो, म्हटलं, आता म्हणेल ‘बाबांना कुठं तरी ठेवा’. तो म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला झोप येत नव्हती तर मला का नाही सांगितलंत? मलाही येत नाही बोटीवर.’

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, ‘त्या येतात तेव्हा तुम्हाला बरं वाटतं की वाईट?’ हे मला कुणी विचारलं नव्हतं. तूही नाही. तू विचारलंस, काय नेसते. मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी मान डोलावली, जणू दोन्ही असू शकतं. त्यांनी सांगितलं, दोन दुखणी आहेत. ही गेल्यापासून मनाला जे लागलंय, त्याला नैराश्य म्हणतात, ते एक. आणि झोपेच्या गोळ्यांचं व्यसन, ते दुसरं. एक दुसऱ्याच्या खांद्यावर बसून आलं. दोघांना एकदम खाली उतरवायचं नाही, पडायला होतं. मनाच्या दुखण्याला वेगळं औषध, शिवाय दर आठवड्याला बोलायला बसायचं. बोलायचं म्हणजे नुसतं बोलायचं रे. मला वाटलं होतं, काही टोचतील.

झोपेची गोळी दर दोन आठवड्यांनी थोडी कमी होते. डबी सूनबाईकडे. ती गोळी कापायला बसली की चुरा करते, म्हणून मी माझी जुनी काच कापायची हत्यारं काढली. हात आता स्थिर आहे. ती समोर बसून बघते, मी एखादा तुकडा तोंडात टाकीन म्हणून. टाकावासा वाटतो, ते तिला कळतं. मी म्हटलं, ‘सासऱ्यावर पहारा करतेस?’ म्हणाली, ‘हो. तुम्ही माझ्या शिलाईवर नाही का करत?’

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ही अजून येते. पण गोळी कमी होईल तशी ही कमी होते. तोंड तर गेलंच होतं. मग आवाज गेला. आता फक्त पाठ दिसते, आणि तीही धुऊन विरलेल्या कपड्यासारखी, पलीकडची भिंत दिसते इतकी. गच्चीवरून हाक येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, छान. सूनबाई म्हणते, देव पावला. आणि मी रोज तो तुकडा कापतो तेव्हा मला वाटतं, मी हिला कापतोय.

येत्या मंगळवारी शेवटचा तुकडा आहे. बुधवारी काही नाही. पोपटा, बुधवारी मी दुसऱ्यांदा विधुर होणार. पहिल्यांदा झालो तेव्हा घरात माणसं होती, कुणी रडू दिलं नाही, कुणी चहा करत होतं, कुणी लाकडाचं बघत होतं. बुधवारी दुपारी मी आणि ती खोली. सूनबाईची रजा संपली. रिक्षावाल्याची बायको येऊन-जाऊन बघते, पण दुपारी तिचं बाळ झोपतं.

मला फीटची भीती नाही. डॉक्टर म्हणतात, इतक्या हळू उतरवल्यावर ती बहुधा येत नाही. मला भीती आहे की त्या दुपारी मी परत औषधाच्या दुकानात जाईन. वाट पाय ओळखतात. हे मी सूनबाईला सांगितलेलं नाही. तुला सांगतो. तू ते तिला सांगितलंस तरी चालेल.

काजव्या

बुधवार, दुपार

चि. सूनबाईस,

तुमच्याच घरून लिहितो आहे. तू कामावर गेलीस तेव्हा मी सांगितलं होतं की काळजी करू नकोस, मी आहे. ही चिठ्ठी रिक्षावाल्यांच्या हाती कारखान्यावर पाठवतो, कारण मला फोनवर काही कळायचं नाही.

जेवण नीट झालं. मग ते मागच्या खोलीत गेले आणि मी त्यांच्यामागं. दोघं जमिनीवर बसलो, भिंतीला टेकून. ते ट्रंकेकडे बघत होते. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, अजून वळ आहेत. मी बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते जमलं.

बराच वेळ गेला. मग त्यांनी माझ्याकडे वळून, मला ओठ दिसावेत म्हणून सावकाश विचारलं, ‘आली?’

सूनबाई, तुला खरं सांगतो, माझ्या तोंडात ‘हो’ आलं होतं. किती सोपं होतं. त्यांचा चेहरा असा झाला होता की कुणीही ‘हो’ म्हटलं असतं. मी म्हटलं, ‘नाही.’

ते उठले. चपला घालायला लागले. मी दारात उभा राहिलो. ते माझ्यापेक्षा उंच आहेत, ढकलून गेले असते. म्हणाले, ‘बाजूला हो, जरा पाय मोकळे करून येतो.’ मी म्हटलं, ‘चल, मी पण येतो. दुकानाच्या दारापर्यंत आणि परत.’ मग त्यांनी एक चप्पल काढली, दुसरी तशीच पायात, आणि उंबऱ्यावर बसून रडायला लागले. तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा ते असे रडले नव्हते म्हणतेस ना? आज रडले. मला आवाज आला नाही. पण पाठीवर हात होता, त्यातून सगळं कळत होतं.

आता ते झोपलेत, गोळीवाचून. उंबऱ्याशीच सतरंजी घातली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की झोप लागली तर चांगलंच. पण ही झोप चांगली की कसली, ते मला ओळखता येत नाही. अंगाला थोडा घाम आहे, डोळ्यांच्या पापण्या हलतात, मध्येच एक बोट उडतं. मागं मी माझ्या मनानं अर्थ लावला आणि काय झालं ते तू पाहिलंस. म्हणून विचारतो. डॉक्टरीणबाईंना फोन करून हे जसंच्या तसं सांग, आणि काय म्हणतात ते चिठ्ठीवर लिहून रिक्षावाल्यांबरोबर लगेच पाठव.

मला त्यांचा श्वास ऐकू येत नाही. म्हणून डावा हात त्यांच्या छातीवर ठेवून उजव्या हातानं लिहितो आहे. आत्ता वर आला. आत्ता खाली गेला.

पुन्हा वर आला.

काका